तिरका दात

गुरुवार, १२ सप्टेंबर

दादा,

"तिथेच बुडून मरा, आणि मला कळवूही नका," असं तू जाताना दारात उभा राहून म्हणाला होतास. तर मी कळवतेय. बाबा सापडत नाहीयेत.

थांब, फाडू नकोस. आधी वाच, मग काय फाडायचं ते फाड. फोन केला असता, पण तुझा नंबर तू ठेवलाच नाहीस माझ्याकडे. पत्ता तेवढा आहे.

मंगळवारी उजाडता उजाडता वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. कुणी उघडले, कुणाला विचारून उघडले, ते सांगायला कुणी तयार नाही. भोंगा वाजवला होता म्हणतात. कुणाच्या कानात वाजवला देव जाणे! काम उरलं म्हणून मी रात्री माझ्या कामाच्या खोलीतच राहिले होते. तीच, औषधांच्या दुकानावरची, चढावरची. खालून आवाज आला, ट्रकभर खडी ओतल्यासारखा. पण खडी ओतून संपते, हा संपेचना. खिडकीतून पाहिलं तर बेकरीच्या वळणाशी रस्ताच संपलेला. पुढे नुसतं तपकिरी पाणी, आणि त्यावरून कुणाचं तरी कपाट उभंच्या उभं चाललेलं.

मी धावत सुटले. चपला हातात घेऊन धावले, का ते मलाही कळत नाही. वळणावर अग्निशमनवाल्याने दंडाला धरून मागे ओढलं. "माझे वडील आहेत खाली," मी ओरडले. तो म्हणाला, "बाई, सगळ्यांचेच आहेत." आणि दुसऱ्या कुणाला तरी धरायला गेला. मी तिथेच उभी राहिले. रडूसुद्धा आलं नाही रे. त्या पाण्यात एक दुधाची किटली फिरत होती गोल गोल, तिच्याकडे मी बघत बसले, जणू तीच शोधायला आले होते.

बाबांच्या खोल्या तळमजल्यावर, हे तुला मी सांगायला नको. त्यावरूनच तर तुमचं वाजलं. तू म्हणत होतास नदी एक दिवस घरात येईल, माझ्याकडे चला. आणि ते म्हणत होते, मी गेलो तर समोरच्या घड्याळवाल्याशी भांडणार कोण. तू खरा ठरलास. पण आत्ता तसं म्हणू नकोस, मी तुला माफ करणार नाही.

घड्याळकाकाही सापडत नाहीत. दोघं रोज संध्याकाळी आपापल्या दारात खुर्च्या टाकून एकमेकांवर खेकसायचे, ती दोन्ही दारं आता गाळाखाली आहेत. मी इस्पितळ पाहिलं, शाळेतली छावणी पाहिली, टाउन हॉल पाहिला. पूल गेलाय, त्यामुळे पलीकडच्या काठावर कोण पोचलं ते इकडे कळत नाही. आणि बाबांच्या कानात यंत्र नसेल तर तोफ डागली तरी त्यांना ऐकू येत नाही. कुणी हाक मारली असेल तर?

भांडण नंतर करू. ये.

ठमी

शनिवार, १४ सप्टेंबर

दादा,

बाबा सापडले. पण आपल्याला हवे तसे नाही.

बर्फाच्या कारखान्यात ठेवलं होतं सगळ्यांना. दुसरीकडे जागाच नव्हती. ज्या हॉलमध्ये लाद्या रचतात तिथे. मी काय पाहिलं ते लिहीत नाही. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, एवढंच लिहिते. कपड्यांवरून नाही, कशावरूनच नाही. मी एकेक पांढरी चादर ओलांडत गेले, आणि तिथला डॉक्टर म्हणाला, "या आजोबांच्या तोंडात कवळी आहे, काही उपयोग होतोय का बघा." त्याला काय माहीत मी कवळ्या करते म्हणून!

माझंच काम होतं. वरच्या पुढच्या दातांत डाव्या बाजूचा एक तिरका. आठवतंय ना? पहिली कवळी मी त्यांना एकदम सरळ, मोत्यांसारख्या दातांची करून दिली होती. मला वाटलं केवढे खूश होतील. आरशात बघून म्हणाले, "ठमे, हा कोण नट आणलास? माझं तोंड मला परत दे." मग मी एक दात मुद्दाम तिरका बसवला, त्यांचा होता तसा. तुझा आहे तसा. जगात अशी कवळी दुसरी नाही. कुणी करणारच नाही, लोक तिरके दात सरळ करून घ्यायला येतात.

तरी मी काढून पाहिली. पुन्हा बसवून पाहिली. बसली. कुणाची कवळी कुणाच्या तोंडात बसत नाही, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आले. डॉक्टरने विचारलं, "खात्री आहे?" मी म्हटलं, "मी केलीय ती." त्याने रक्ताचा का कशाचा नमुना काढून ठेवला, सगळ्यांचाच ठेवतात, आणि मला सही करायला लावली.

घरी नेऊ देत नाहीत. नेऊन ठेवणार तरी कुठे? दुपारीच विजेच्या दाहिनीत सगळं उरकलं. मी एकटी होते. दाहिनीवाला भला माणूस, त्याने स्वतःची खुर्ची दिली बसायला. म्हणाला, "घरचं कुणी नाही?" मी म्हटलं, "आहे, पण लांब आहे." बघ, तेव्हाही मी तुझीच बाजू घेतली.

बर्फाच्या कारखान्याच्या दारात घड्याळकाकांची मुलगी रांगेत उभी होती. लांबच्या गावी बँकेत आहे ना ती, पुराच्या आदल्या दिवशीच बापाला भेटायला आली होती आणि गावातल्या मैत्रिणीकडे उतरली होती, म्हणून वाचली. मला बघून एकदम गळ्यात पडली. मी म्हटलं, "माझे मिळाले. तुझेही मिळतील." हे काय बोलले मी! मिळतील म्हणे. पण ती "हो" म्हणाली आणि आत गेली.

रस्ता अजून फक्त मदतीच्या गाड्यांना खुला आहे, त्यामुळे तू निघाला असलास तरी तुला सोडणार नाहीत. तुमच्या शहरातून पाण्याच्या बाटल्या घेऊन आलेला एक ट्रकवाला उद्या परत निघतोय. त्याच्यासोबत हे पत्र आणि बाबांची राख पाठवते आहे. स्टीलचा डबा आहे, झाकणाला पट्टी मारली आहे. सगळीच पाठवते, अर्धी नाही. इतकी वर्षं ते माझ्याजवळ होते. आता तुझी पाळी.

ठमी

सोमवार, २३ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. मी ते जिन्यात बसून वाचलं, कारण खोलीत माणसं होती आणि मला माहीत होतं की माझं काही खरं नाही.

तू डबा खिडकीजवळच्या फळीवर ठेवलास, नदीत सोडायला धीर झाला नाही, आणि ऑफिसातून आलास की त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतोस, बोलतोस. हे वाचून मला काय वाटलं कसं सांगू? जिवंतपणी एक फोन केला असतास तर माणूस दिवसभर गल्लीत मिरवला असता! लिहायचं नव्हतं, लिहून गेलं. तू रोज माफी मागतोस म्हणतोस. "बुडून मरा" हे शब्द तुझ्या कानातून जात नाहीत म्हणतोस. बाबांना ते शब्द आठवतसुद्धा नव्हते रे. त्यांना आठवायचं ते हे की तू जेवून गेला नाहीस. म्हणून बोल. रोज बोल. ते ऐकत असतील.

तू पाठवलेली चादरींची गाडी पोचली. खरंच चांगल्या चादरी आहेत, धुतलेल्या, घडी घातलेल्या. तुला कल्पना नाही लोक काय काय पाठवतात! उंच टाचांचे बूट आले. पोहायचे कपडे आले, आता म्हण काय म्हणायचं. एका बाईने तिच्या कुत्र्याचा स्वेटर पाठवला, तो एका आजींना डोक्याला बरोब्बर झाला, त्या काढायला तयार नाहीत. आम्ही हसलो. आमचं हसणं ऐकून आम्हीच दचकलो.

मी काय करते ते सांगते. छावणीतली डॉक्टरीण एक दिवस माझ्या खोलीवर आली. म्हणाली, "म्हातारी माणसं जेवत नाहीत. मला वाटलं धक्क्याने. मग बघितलं तर एक आजोबा बिस्किट पाण्यात बुडवून चोखत होते." दात गेले होते सगळ्यांचे! पाणी आलं तेव्हा पहाट होती, कवळ्या वाटीत, पेल्यात, खिडकीत. अंगावरच्या कपड्यांनिशी पळालेल्या माणसाला कवळी उचलायचं कुठून सुचणार? आणि मदत कसली येतेय तर चिवडा, फुटाणे, टोस्ट. मी म्हटलं, चला. मेण, पांढरी पूड, साचे, सगळं उचलून शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात दुकान मांडलं. लहान बाकांवर म्हातारी माणसं आ करून बसतात. ज्यांच्या तोंडात पुन्हा दात बसतात ते आधी जेवत नाहीत, बोलतात. जेवणाआधी कुणाला तरी नाव घेऊन हाक मारतात, स्पष्ट. माझ्या कामाचं मला इतकं कधीच काही वाटलं नव्हतं.

घड्याळकाकांची मुलगी हाताखाली आलीय. सकाळी बर्फाच्या कारखान्यात जाऊन येते, काही नसतं, मग माझ्याकडे येते. रिकामं बसवत नाही म्हणते. पूड कालवायला शिकवलं. वेड्यासारखं काम करते. मी तिला चहा देते, जेवायला बसवते, धीर देते. आपलं दुःख तरी संपलं दादा, बाबा कुठे आहेत ते आपल्याला माहीत आहे. हिचं रोज सकाळी नव्याने सुरू होतं. मध्येच विचारते, "ते पलीकडच्या काठावर असतील का?" मी म्हणते, असतील. काकांची कवळी माझ्याकडेच पडलीय, मोरीत पडून दोन तुकडे झालेली. पुराच्या आधीच दुरुस्तीला टाकून गेले होते. मी ती जोडून, घासूनपुसून फळीवर ठेवलीय. तिला दाखवली. म्हटलं, "ही घ्यायला येतीलच, बघ." तिने ती हातात धरून पाहिली आणि परत ठेवली.

"आणखी काय पाठवू?" असं विचारलंस ना? दात पाठव. चेष्टा नाही करत. कवळीचे तयार दात डब्यांत मिळतात, तुमच्याकडे दंतवैद्यांच्या सामानाची मोठी दुकानं आहेत. मध्यम आकाराचे, जरा पिवळसर. म्हाताऱ्या माणसांना पांढरेशुभ्र नको असतात.

तुझी ठमी

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

दादा,

आधी बस. खुर्चीवर नीट बस. बसलास?

बाबा जिवंत आहेत.

मी वेडी झालेली नाही. तुझा नंबर आहे आता माझ्याकडे, पण फोनवर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. आणि हे असलं फोनवर अर्धंच ऐकायला आलं तर तू तिकडे काय समजशील? ते जिवंत आहेत. आज दुपारी त्यांनी माझं बोट चावलं.

सांगते, क्रमाने सांगते. लष्कराने होड्यांचा तात्पुरता पूल टाकला, म्हणून आम्ही पहिल्यांदा पलीकडच्या काठावर गेलो, तिथल्या म्हाताऱ्यांची मापं घ्यायला. काकांच्या मुलीला मी इकडेच ठेवलं होतं, साचे भरायला. पलीकडे एका व्यायामशाळेत छावणी आहे. ओळीने खुर्च्या मांडलेल्या. माझ्या तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, समोर एकेक बोळकं. कामात असले की मी चेहरे बघत नाही, तोंडं बघते. तिथली परिचारिका म्हणाली, "हे आजोबा नुकतेच इस्पितळातून आलेत. छातीत पाणी झालं होतं, डोक्याला मार आहे. आम्ही विचारतो ते यांना ऐकू येत नाही, हे बोलतात ते आम्हाला कळत नाही. नाव काही समजलेलं नाही."

डोक्याला पट्टी, वाढलेली दाढी, एक डोळा सुजलेला. मी खुणेने म्हटलं, आ करा. हिरडीवरून बोट फिरवलं. मागे, उजव्या बाजूला, एक हाडाची गाठ असते बाबांना. किती मापं घेतलीत मी त्या तोंडाची! शिकत होते तेव्हा सगळा सराव त्यांच्यावरच केला. बोट त्या गाठीवर आलं आणि माझा हात थांबला. माझ्या डोक्याला कळायच्या आधी बोटाला कळलं. मी मनात म्हटलं, असेल, दुसऱ्या कुणालाही असेल. आणि त्या माणसाने माझं बोट चावलं. हिरड्यांनी, हळूच, दाबून धरलं. मापं घेताना दर वेळी मला छळायला करायचे तसं.

मी मास्क काढला. ते माझ्याकडे बघत राहिले आणि बोबडं बोलले, "ठमे, किती उशीर!"

मी काय केलं असेल? ओरडले म्हणे. मला आठवत नाही. परिचारिका सांगते, मी जमिनीवर बसले होते आणि त्यांचे पाय धरून त्यांनाच शिव्या देत होते.

दादा, आता पुढचं. तुला ते वाचता वाचताच कळलं असेल. मला मात्र कळायला वेळ लागला. मी त्यांना पाणी पाजलं, तोंड पुसलं, कानाशी ओरडून ओरडून विचारलं, दात कुठे आहेत? इतक्या सहज विचारलं, एखाद्याला चष्मा कुठे ठेवला विचारावं तसं. ते म्हणाले, "घड्याळ्याला दिले."

मी कानाशी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच म्हणाले.

काकांची कवळी मोडली होती. ती माझ्याकडे पडली होती, आणि मी "पुढच्या आठवड्यात या" म्हटलं होतं. आणि मंगळवारी त्यांची लेक तिला लग्न करायचंय तो माणूस बापाला दाखवायला घेऊन येणार होती. बोळकं घेऊन जावयासमोर कसा बसू, म्हणून ते सोमवारी सकाळपासून अडून बसले होते. मग बाबांनी आपली काढून धुऊन दिली. "नीट बसत नव्हती त्याला," बाबा म्हणाले, "पण म्हटलं, आजची रात्र तोंडात ठेवून झोप, सवय होईल." आणि दोघं हसले म्हणे खूप.

नीट बसत नव्हती. दादा, हे मला माहीत होतं. मी तुला लिहिलं होतं ना, बसवून पाहिली, बसली? बसली नव्हती. डाव्या बाजूला उचलली जात होती. मी स्वतःला सांगितलं, पाण्यात राहून तोंड बदललं असेल. मी ज्याची समजूत घालते त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ठणकावून सांगते की हिरडी खोटं बोलत नाही, आणि तिथे मी हिरडीकडे बघितलंच नाही. माझा तिरका दात बघितला. माझं काम बघितलं आणि माणूस बघितला नाही.

मी कुणाच्या तरी बापाला जाळून टाकलं. मी जिला रोज चहा देते तिच्या बापाला. ती रोज सकाळी त्या बर्फाच्या कारखान्यात जाते आणि तिला तिथे कुणी सापडत नाही, कारण तिच्या आधी मी रांगेत होते.

उद्या तिला सांगायचं आहे. मला कसं सांगू ते सुचत नाही.

ठमी

रविवार, ६ ऑक्टोबर

दादा,

काल सांगितलं.

चित्रकलेच्या वर्गातच. ती पूड कालवत होती. मी म्हटलं, "माझे वडील सापडले, जिवंत." ती इतकी हरखली! हातातलं भांडं तसंच धरून म्हणाली, "मग माझेही!" तेव्हा मला वाटलं, आत्ता धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. मी एका दमात सगळं सांगितलं. कवळी, तिरका दात, माझी सही, दाहिनी. ती ऐकत होती आणि तिचा हात कालवतच होता. कालवता कालवता पूड भांड्यात घट्ट झाली, कालथा त्यात उभा राहिला, तरी ती ओढतच होती. मग थांबली.

"ते हसत होते," ती म्हणाली. "सोमवारी संध्याकाळी मी उभ्या उभ्या भेटून गेले. म्हटलं, बाबा, दात छान दिसतात, नवे का? तर म्हणाले, उसने आहेत. मला वाटलं चेष्टा करतात." आणि मग एकदम माझ्या अंगावर ओरडली, "तुम्ही मला रोज चहा पाजलात! तुम्ही मला म्हणालात, येतील!" भांडं तिने भिंतीवर फेकलं. बाकावरच्या आजी घाबरून उठल्या. ती निघून गेली.

आज सकाळी आली. माझ्याशी बोलायला नाही आली, हिशेब चुकता करायलाही नाही. कारखान्यात तिने रक्त दिलंय, तो डॉक्टरने तेव्हा काढून ठेवलेल्या नमुन्याशी ताडून बघतील आणि लेखी सांगतील, तेवढं कळवायला आली. दारातच उभी राहिली. मी बस म्हटलं तर बसली नाही. मग विचारलं, "आता कुठे आहेत ते?"

मी म्हटलं, "माझ्या भावाकडे. खिडकीजवळच्या फळीवर."

"त्यांनी नदीत सोडलं असेल."

"नाही. त्याला धीर झाला नाही. तो रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसतो आणि बोलतो."

"काय बोलतो?"

दादा, मी तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. मला विचारायला हवं होतं, पण विचारायला तू इथे नव्हतास. बुडून मरा म्हणालो ते सगळं. बाबा, मला झोप लागत नाही, ते सगळं. तिने चौकट घट्ट धरून ऐकलं. मग म्हणाली, "माझ्या बाबांना सवय होती. घड्याळ उघडलं की गिऱ्हाइकं समोर बसून आपली रडगाणी सांगायची, आणि ते मान न वर करता 'हं, हं' करायचे. कुणी त्यांना एकटं ठेवलं नाही एवढं बरं झालं." आणि मग रडली. मला जवळ येऊ दिलं नाही. येऊ देईल असंही मला वाटत नाही. पण जाताना फळीवरची त्यांची कवळी घेऊन गेली.

तर दादा, तू ज्याची माफी मागितलीस त्याने ऐकलेली नाही. ती घड्याळकाकांनी ऐकली. तुला ती सगळी पहिल्यापासून मागावी लागणार आहे, आणि ओरडून मागावी लागणार आहे, कारण कानाचं यंत्र अजून मिळालेलं नाही. सगळी व्यायामशाळा ऐकेल. ऐकू दे.

आता नीट वाच. आजपासून एस.टी. सुरू झालीय. डबा घेऊन ये. सामानात टाकू नकोस, पायाशी ठेवू नकोस, मांडीवर घे. वाटेत कुणी विचारलं तर सांग, काका आहेत. इथे उतरलास की बाबांकडे आधी जाऊ नकोस, आधी तिच्याकडे चल. मी बरोबर येईन, पण डबा तू तिच्या हातात दे. माझ्या हातून ती घेणार नाही.

आणि बाबांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही. मला एकटीला ते जमणार नाही. काल माप घेतलं त्यांचं, नवी कवळी करतेय. तर म्हणाले, "नवी कशाला? आहे की माझी." मी म्हटलं, राहू द्या, जास्तीची असावी. तर माझा हात धरला आणि म्हणाले, "त्याच्याकडे मागायला जाऊ नकोस हं ठमे. त्याला म्हणावं घाई नाही. पोरीचं लग्न होऊ दे आधी."

तिरका दात बसवायचा की नाही, तेवढं तू आल्यावर ठरवू.

ठमी